माझ्या दारात बॅटरी नको

४ जानेवारी, रविवार

बॅटरी! माझ्या मुलीच्या हळदीला, माझ्या दारात, बॅटरी!

राहनाळचे पाहुणे आज तारीख धरायला आले होते. वीस फेब्रुवारीला हळद, एकवीसला लग्न. तोपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. कमळनं मटण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. होणारा जावई भाविक खाली मान घालून जेवला. मला वाटलं, चला, मुलगा लाजरा आहे. हात धुतले आणि तोंड उघडलं — "मामा, हळदीला जनरेटर नको. मी आपली गाडी पाठवतो."

गाडी म्हणजे त्याचा बॅटरीवर पळणारा पांढरा टेम्पो. हा गोदामांच्या छपरांवर सोलरच्या काचा बसवतो. टेम्पोत मागे बॅटऱ्या भरल्यात. दिवसा उन्हावर चार्ज करायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मांडवात लाइट-माईक चालवायचे. धूर नाही, आवाज नाही, डिझेल नाही. हे सगळं तो मला समजावून सांगत होता. मला! वडप्यापासून शेलारपर्यंत कुठल्याही घरात विचारा, तुमच्या हळदीला लाइट कुणाची होती. पंढरीची. दुसरं नाव निघणार नाही.

"आमच्याकडे जानकी आहे," म्हणालो. जानकी म्हणजे माझा जनरेटर. आईचं नाव दिलंय. आई अंगणातून हाक मारायची ती पार शेताच्या टोकाला ऐकू जायची. जानकीचं इंजिनही तसंच. सुरू झालं की गावाला कळतं, आज अमक्याकडे कार्य आहे. आणि माझ्याच मुलीच्या हळदीला ती बंद? लोक म्हणतील पंढरीचं दिवाळं निघालं.

भाविक आणखी काहीतरी पुटपुटला. आजकालची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. करिष्मा हसली, म्हणजे तिला कळलं असावं.

६ जानेवारी

करिष्माला विचारलं, "तू त्याच्या बाजूची का माझ्या?"

"आधी टीव्ही बारीक करा बाबा, मग सांगते."

टीव्ही बारीकच होता. विषय टाळायचे धंदे.

८ जानेवारी, गुरुवार

हायवेच्या मोठ्या गोदामानं आज सांगून टाकलं, उद्यापासून जनरेटर नको. किती वर्षं जानकी त्यांच्या दारात उभी होती! लाइट गेली की मॅनेजर धावत यायचा, "पंढरीशेठ, जल्दी!" आता छपरावर निळ्या काचा आणि खाली कपाटाएवढी बॅटरी. मॅनेजर म्हणाला, "क्या करें शेठ, ऊपर से आर्डर है." वरून म्हणजे कुठून? सूर्यावरून?

ज्या जमिनीवर आम्ही भात लावलं, तिथं गोदामं आली. आम्ही गप्प बसलो, पैसे घेतले. आता त्या गोदामांच्या छपरांवर हे ऊनही पिकवणार. त्यात आमचा वाटा शून्य.

घरी आलो तर नवशाची वेगळीच कुरकुर. नवशा माझ्याबरोबर जानकी चालवतो, पहिल्यापासून आहे. म्हणाला, "शेठ, पट्टा चिरकतोय. बदलाया पायजे." इंजिनावरून लाइट तयार करणाऱ्या डायनामोवर जो रबरी पट्टा फिरतो, तो. मी जवळ गेलो, वाकलो, कान लावला. धडधड, नेहमीची. चिरकणं वगैरे काही नाही. जानकीचा आवाज मला शिकवतो! मी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून सांगतो याचा कुठला नोझल गेलाय. नवशाला हल्ली काम टाळायला निमित्त लागतं.

११ जानेवारी

कमळ म्हणते जावई हुशार आहे. हिला कोण हुशार नाही वाटत? मी सोडून.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन भाविक आला. पाया पडला. मी म्हणालो, "गोड बोल, पण मोठ्यानं बोल." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

मग कमळनं मध्येच काढलं, की जानकीच्या धुरानं वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, शेजारच्या म्हातारीला धाप लागते. माझी बायको! पाहुण्यासमोर! त्या काजळीवर घर उभं राहिलं, करिष्माचं कॉलेज झालं. तेव्हा कुणाला धाप लागली नाही.

भाविक मधे पडला. "मामी, जुनं इंजिन आहे, होतं तसं." म्हणजे माझी बाजू घेतोय असं दाखवायचं आणि जुनं आहे हेही म्हणून घ्यायचं. साप आहे साप.

१९ जानेवारी, सोमवार

लिहायला हात वळत नाही. पण लिहिलं नाही तर कुणाचं तरी डोकं फोडीन.

काल राहनाळला क्रिकेटची फायनल होती. लाइटचं काम माझं, दर वर्षी माझंच असतं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांना दिवे, कॉमेंट्रीवाल्याला माईक. माणसं झाडांवर, भिंतींवर, टेम्पोंच्या टपावर. आमची वडप्याची टीम जिंकायला आलेली. आमच्या गावचा भावेश बॅटिंगला. बोलर धावत आला, आणि फटाक! अंधार.

पट्टा तुटला. जानकीचं इंजिन धडधडत होतं आणि एक दिवा पेटत नव्हता. हजार माणसं ओरडत होती. कोणीतरी म्हणालं, "पंढरीकाका, डिझेल प्यालात का?" नवशा धावपळ करत होता, माझ्याकडे बघत नव्हता. जादा पट्टा नव्हता.

आणि मग काय? पांढरा टेम्पो आला! मैदानाच्या मागच्या बाजूनं, गुपचूप, चोरासारखा. भाविकनं दोन वायरी लावल्या. दोन कोपऱ्यांचे दिवे लागले, माईक लागला. कॉमेंट्रीवाला पहिल्यांदा काय बोलला असेल? "आपल्या राहनाळच्या भाविकसाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या मात्र मला नीट ऐकू आल्या.

मॅच आम्ही हरलो. जानकीला टोचन लावून घरी आणलं.

२० जानेवारी

भिवंडीहून मिस्त्री आला. तुटलेला पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला. म्हणाला, "शेठ, ये तो कब से चीख रही होगी. सुनाई नहीं दी?"

दोन पैशांचा माणूस मला ऐकायला शिकवतो. कामाचे पैसे तोंडावर टाकून घालवून दिला.

पण पट्टा मी नीट बघितला. एका कडेला चीर सरळ आहे. साफ. ब्लेडनं मारावी तशी. पट्टा झिजला तर दोरे निघतात, असा सरळ तुटत नाही. मैदान कुणाचं? राहनाळचं. टेम्पो तयारीत कुणाचा उभा होता? फायनलच्याच दिवशी बॅटऱ्या भरून कोण आलं होतं?

आता कळलं!

२१ जानेवारी, बुधवार

पट्टा पिशवीत घालून राहनाळला गेलो. भाविक घरासमोर टेम्पो धूत होता, सोबत त्याचा चुलतभाऊ विशाल, आणखी चार पोरं. सगळ्यांच्या देखत पट्टा त्याच्या पायाशी टाकला.

"कापलास ना?"

त्यानं वाकून पट्टा उचलला. मग काहीतरी बोलला. मी म्हणालो, मोठ्यानं बोल, चोराला तोंड असतं ना? तेव्हा ओरडूनच म्हणाला, "मामा, मी तुमच्या जनरेटरच्या जवळपण नव्हतो!"

त्याचा बाप महादू बाहेर आला. कमरेला टॉवेल, तोंडात दातवण. शांत होता. मला तेच जास्त लागलं. म्हणाला, "पंढरीशेठ, तुमच्या पोरीची हळद तुमच्या दारातली. जनरेटर लावा नायतर इमान उतरवा, आमचा काय न्हाय. पन माज्या पोराला चोर बोल्लास. ह्यो शबूद मी इसरनार न्हाय."

मी परत येताना स्कूटर कशी चालवली ठाऊक नाही. मागून ट्रकवाले शिव्या देत होते. हॉर्न तरी वाजवायचा!

२२ जानेवारी

करिष्मानं बोलणं टाकलं.

२५ जानेवारी

अजून बोलत नाही. भाकरी समोर ठेवते आणि जाते. कमळकडून कळलं, महादूनं निरोप पाठवलाय. लग्न मोडणार नाही, पण पोराचा बाप म्हणून तो माझ्या दारात पाय ठेवणार नाही. मानपानही घेणार नाही. लग्नाच्या मांडवात सगळं गाव विचारणार, व्याही कुठाय?

कमळ म्हणाली, "जा, माफी मागा."

कशाची? पट्टा कापलेला आहे. मी डोळ्यांनी बघितला.

"मग जानकीलाच नांदवा घरात," करिष्मा आतून म्हणाली. हे मात्र तिनं ऐकू येईल असं म्हटलं.

१ फेब्रुवारी, रविवार

नवा पट्टा टाकला. स्वतः टाकला, नवशाला हात लावू दिला नाही. जानकीला तेलपाणी केलं, पुसलं, टाकीला लाल रंग दिला, आईचं नाव पिवळ्यानं परत काढलं. हळदीला उभी राहील तेव्हा नवरीसारखी दिसली पाहिजे. महादू नाही आला तर न येवो. ती तर आहे.

नवशा बाजूला बसून बिडी ओढत होता. मी विचारलं, कशी वाजते? म्हणाला, "आता चांगली वाजते." आता!

८ फेब्रुवारी

शेलारहून आक्का आली. माझी थोरली बहीण, ठकुबाई. सगळं गाव आक्का म्हणतं. आमच्यात हळदीला, लग्नाला धवले गाणारी बाई लागते, धवलारीण. भटजीच्या मंत्रांआधी तिचं गाणं. आई होती धवलारीण, तिच्यामागून आक्का. लहानपणी मी झोपायचो ते या दोघींचा रियाज ऐकत. आई खालून उचलायची आणि आक्का वरच्या पट्टीला न्यायची. तो आवाज मी अजून कधीही डोळे मिटून ऐकू शकतो.

हल्ली आक्का गात नाही. म्हणजे कुणी बोलावत नाही. हळदीला डीजे असतो, बँजो असतो, धवल्याला जागा कुठाय? पण करिष्मासाठी ती आपणहून आली, सूप आणि लुगडं घेऊन, बारा दिवस आधी.

अंगणात जानकी बघितली आणि उंबऱ्यातच थांबली. "ह्यो डबा हळदीला चालू आसनार क?"

"डबा नाही, आईच्या नावाची आहे ती."

"आयशीच्या नावाचा आसू दे नायतर बापाशीच्या. ह्यो चालू आसंल तर मी तोंड उघडनार न्हाय. मागं भावेशच्या हळदीला गायले, तवा मनाच माजा आवाज आयकू आला न्हाय."

मी म्हणालो, माईक घे. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला तमाशात नाचायला सांगितलंय. "धवला मायकात गात न्हाय पंढरी. ज्या घरची लेक, त्या घरातल्यांना आयकू आला म्हंजे झाला."

ही पण त्यांना फितूर!

९ फेब्रुवारी

करिष्मा बोलली. किती दिवसांनी! माझ्या समोर येऊन बसली, अगदी तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून बोलली. मी काय लहान मूल आहे?

"बाबा, आत्या गाणार नसेल तर मी पाटावर बसणार नाही. आणि आत्या जानकी चालू असेल तर गाणार नाही. आता तुम्ही ठरवा."

रडली नाही. रडली असती तर मी ओरडू शकलो असतो.

१० फेब्रुवारी

ठरवलं. येऊ दे टेम्पो. पण जानकी अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहणार, टाकी भरलेली, नवा पट्टा, हँडल माझ्या हाताशी. बॅटरी बसली की मी एका झटक्यात सुरू करणार. आणि बसणारच! पाहू किती दम आहे उन्हात.

करिष्माला हे सांगितलं. ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. तिला वाटलं मी मानलं.

१५ फेब्रुवारी

मांडवाचा माणूस आला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दिवे दुप्पट लाव. तो म्हणाला, काका, टेम्पोवर लोड पडेल. म्हटलं, पडू दे, माझ्या मुलीची हळद आहे.

कोल्ड्रिंकवाल्याला सांगितलं, मोठा फ्रीज आण. शेजारी सांगितलं, तुमच्या गेटलाही माळा लावा, वायर आमच्याकडून घ्या. विहिरीवरची मोटारही त्याच वायरवर टाकणार आहे. पाहुण्यांना पाणी नको?

फार दिवसांनी गाढ झोप लागली.

१८ फेब्रुवारी

कमळनं विचारलं, "एवढे खूष कसे?" म्हटलं, मुलीचं लग्न आहे, रडू काय?

२१ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

लग्न दुपारी आहे. सगळे आवरतायत. मी गच्चीवर बसून लिहितोय. खाली गेलो की लोक बघतात.

काल संध्याकाळी विशाल टेम्पो घेऊन आला. भाविकची हळद त्याच्या घरी होती, म्हणून तो नाही. करिष्मा म्हणाली, "त्यानं स्वतःच्या हळदीला साधी खांबावरची लाइट घेतली, गाडी इकडे पाठवली." मोठा दानशूर.

दिवे लागले. दुप्पट दिवे, फ्रीज, शेजारच्या माळा, सगळं. मी मोटार सुरू केली. दिवे जरासुद्धा हलले नाहीत. इस्त्री लावली. मिक्सर लावायला सांगितला, कमळ म्हणाली वाटायचं काही राहिलेलं नाही, म्हटलं तरी लाव. विशालच्या मोबाईलवर बॅटरी किती उरली ते दिसत होतं. मी दर थोड्या वेळानं त्याच्या खांद्यावरून बघत होतो. त्याला वाटलं मला कौतुक आहे, तो मला समजावून सांगायला लागला. नवशा जानकीजवळ बसला होता. मी त्याला खूण केली, तयार राहा.

मग करिष्माला पाटावर बसवलं. हिरवी साडी, मुंडावळ्या. बँजोवाल्यांना थांबवलं. बायका गोल करून बसल्या, मधे आक्का. पुरुष मागे उभे राहिले. पोरांनाही कुणीतरी गप्प केलं. मी जानकीच्या हँडलला हात लावून उभा होतो. एवढी शांतता मी कुठल्या हळदीत बघितलेली नाही. धडधड नाही, काही नाही. कसंतरीच वाटायला लागलं.

मी वाट बघत राहिलो. आक्का हळदीचं बोट करिष्माच्या कपाळाला लावत होती आणि गप्प होती. बायका गप्प. सगळं घर तिच्यासाठी गप्प केलं, जानकी बंद ठेवली, अख्ख्या गावासमोर मी माझं नाक कापून घेतलं, आणि ही बया आता रुसून बसली! माझं डोकं फिरलं. मी तिथूनच ओरडलो —

"आक्का, आता गा की! कुणाची वाट बघतेस?"

सगळ्यांनी वळून बघितलं. एकूण एक माणसानं. आक्काचे ओठ थांबले. तेव्हा मला दिसलं, की ते हलत होते.

कमळ उठून आली, माझा दंड धरला. तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. "गातेय ती. कधीची गातेय."

बायका पदरानं डोळे पुसत होत्या, तेही मला तेव्हाच दिसलं. विशालच्याही डोळ्यांत पाणी. नवशा खाली मान घालून बसला होता. करिष्मा हळद माखलेल्या तोंडानं माझ्याकडे बघत होती, रागानं नाही.

मी म्हणालो, "माहीत आहे, माहीत आहे, गंमत केली." कुणी हसलं नाही.

आक्कानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझ्याकडे तोंड करून गायली. तिच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या. मी मान डोलावत उभा राहिलो. कुठं डोलवायची तेही कळत नव्हतं, म्हणून कमळकडे बघून डोलावली.

बॅटरी शेवटपर्यंत बसली नाही. जानकी सुरू केली नाही. हँडल कधी सोडलं ते आठवत नाही.

२२ फेब्रुवारी

पट्टा कुणी कापला नव्हता. चिरकत होता.

२३ फेब्रुवारी

जाताना करिष्मा कानात काहीतरी म्हणाली होती. मी "हो हो" म्हणालो. कशाला हो म्हणालो?

महादू लग्नात मांडवाबाहेर लांब उभा होता. आज राहनाळला गेलो. तो ओटीवर बसला होता, उठला नाही. मी पायरीवरच बसलो. म्हणालो, पोराला चोर बोललो, माझं चुकलं, मला ऐकू येत नाही. एवढं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही, का बोलला आणि मला कळलं नाही, देव जाणे. मग आत बघून हातानं चहाची खूण केली.

२६ फेब्रुवारी

करिष्मा पाचपरतवणाला माहेरी आली, भाविक सोबत. दोघांनी मला मधे बसवून भिवंडीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याच टेम्पोतून! करिष्मा म्हणाली, बघा बाबा, आवाजच करत नाही गाडी. म्हटलं, मला कुठली करते?

डॉक्टरनं एका बंद खोलीत बसवलं, कानाला काहीतरी लावलं, म्हणाला आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. नंतर कागदावर रेघ दाखवली, जाड आवाज थोडे येतात, बारीक सगळे गेले. बायकांचे, पाखरांचे, पट्ट्यांचे. विचारलं, कुठं नोकरी होती, लूमवर? म्हटलं, जनरेटरवर. त्यानं मान हलवली. गेलेलं परत येत नाही म्हणे. मशीन लावा.

मशीन कशावर चालतं ते भाविकनं विचारलं. मी नाही.

८ मार्च, रविवार

कानात मशीन. आत मसुराएवढी बॅटरी. भाविकनं बसवून दिली, बदलायची कशी तेही दाखवलं. मी शिकलो.

एकटाच शेलारला गेलो. आक्का तांदूळ निवडत होती. म्हटलं, करिष्माचा धवला गा. म्हणाली, "आता? हळद न्हाय, काय न्हाय." म्हटलं, गा.

सूप बाजूला ठेवून गायली. वरच्या पट्टीला आवाज चिरकतो तिचा. आक्का म्हातारी झाली. मला ऐकू आलं.